टंच आणि चकाकी
सरकारी शाळांना बक्षिसे लावून मुले अधिक शिकतात काय?

दिवाळी आली की घरोघरी चांदी किणकिणू लागते. नव्या नवरीचे पैंजण, बारशाचे वाळे, पाडव्याच्या ओवाळणीतली जोडवी! हे जिन्नस आपण मुंबईच्या पेढीवर घेतलेले असोत की पुण्याच्या, त्यांचे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी हे गाव असण्याचा संभव पुष्कळ. हातकणंगले तालुक्यातल्या या गावी चांदीचे काम एखाद्या मोठ्या गिरणीच्या छपराखाली चालत नाही. ते घराघरांत चालते. कोणी चांदी गाळतो, कोणी तार ओढतो, कोणी डाक देतो. आणि माजघरात बसलेल्या बायामाणसे हातावेगळे काम उरकून कड्यांत कड्या जुळवीत असतात. शेजारच्या रेंदाळ, पट्टणकोडोली या गावांतूनही हा धंदा पसरला आहे.

या धंद्यात दोन गोष्टींना मोठी किंमत. एक टंच आणि दुसरी चकाकी. टंच म्हणजे दागिन्यात खरी चांदी किती, त्याचे माप. ते डोळ्यांना दिसत नाही; त्यासाठी कस लावावा लागतो. चकाकी मात्र दुकानाच्या उंबऱ्यावरूनच डोळ्यांत भरते. जाणता व्यापारी चकाकी नाकारीत नाही. पण दाम ठरवितो तो टंच पाहून.

हीच दोन मापे आपल्या सरकारी शाळांना लावून पाहावीत, एवढाच या लेखाचा उद्देश. कारण गेल्या दहाबारा वर्षांत या शाळा सुधाराव्यात म्हणून सरकारने योजनांवर योजना आणल्या. कुठे चाचण्या, कुठे मानांकने, कुठे लाखांची बक्षिसे! त्यांतून चकाकी आली खरी. टंच वाढला काय?

एका रुपयाचा दंड

शाळेसाठी सरकारने पदरमोड करावी आणि वर पालकांनाही जाब विचारावा, ही कल्पना कोल्हापूरला नवी नाही. हुपरीहून फारसे दूर नसलेल्या कागलात ज्यांचे बालपणीचे शिक्षण झाले, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. परंतु जे कलकत्त्याला झाले नाही ते कोल्हापुरात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाच्या घरात चांगलाच चटका!

दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. दाराच्या आत गेल्यावर ते शिकते की नुसते बसते, हा प्रश्न दंडाने सुटत नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कोल्हापूर भागात त्या ‘विद्या मंदिर’ या नावाने ओळखल्या जातात. गावे शाळांनी भरली, पटावर नावे चढली. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शाळेवर हक्कच झाला. तरीही ‘प्रथम’ या संस्थेच्या २००५ पासूनच्या ‘असर’ पाहण्या हेच सांगत आल्या की, पाचवीत बसलेल्या मोठ्या संख्येच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा धड वाचता येत नाही. दागिना तयार होता. टंच कमी भरत होता.

निकाल तसा पैसा

मग उपाय काय? सरकारी डोक्याला सुचणारा पहिला उपाय फार जुना आहे : निकाल लागेल तसा पैसा द्यावा! इंग्लंडात १८६२ साली नेमके हेच केले गेले. तपासनीस शाळेत येई, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा घेई, आणि पास होणाऱ्या मुलांच्या हिशेबाने शाळेला अनुदान मिळे. आपल्या मुंबई इलाख्यातही या पद्धतीचे अनुकरण झाले.

परिणाम? मास्तरांनी पुस्तके पाठ करवून घेतली. ज्या विषयाला पैसा नाही तो विषय शाळेतून हळूहळू बाहेर पडला. कवी म्हणून गाजलेले मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते; त्यांनीच या पद्धतीवर कडक टीका केली. शेवटी एकोणिसावे शतक संपता संपता इंग्लंडने ती टाकून दिली.

हा धडा जग विसरले. अमेरिकेत २००९ साली ओबामा सरकारने राज्याराज्यांत शाळासुधारणेची शर्यत लावली आणि तीवर चारशे कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ठेवली. गुणांचा हा सोस तिथे आधीपासूनच बळावला होता. त्याच देशातील अटलांटा शहरात २०११ साली चौकशी झाली, तेव्हा असे आढळले की, चाळीसहून अधिक शाळांत शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीच मुलांची चुकलेली उत्तरे खोडून बरोबर केली होती! २०१५ साली त्यांपैकी अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. माणसे मुळात वाईट नव्हती. पण बढती, बक्षीस आणि नोकरी ही सारी एका आकड्याला टांगली की आकडा सुधारतो. मूल तिथेच राहते.

बहिरेवाडीचा शिक्षणतज्ज्ञ

दुसरा मार्ग दाखविणारा माणूस आपल्याच जिल्ह्याने दिला. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा. शाळांनी एकेकट्याने झुरत बसू नये, जवळपासच्या प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा यांचे संकुल करावे, शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे आणि प्रत्येक शाळेने आपल्या परिस्थितीप्रमाणे आपली योजना आपण आखावी, ही त्या आयोगाची दृष्टी. वरून आलेला एकच साचा साऱ्या गावांना बसणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रात पुढे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, ते याच विचाराच्या वाटेने. मात्र केंद्रप्रमुख म्हणजे माहिती गोळा करून वर पाठविणारा टपालवाला, असे अनेक ठिकाणी होऊन बसले, ही गोष्ट वेगळी!

फरशीवरचे अंक

या विचाराचे फळ पाहावयाचे तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात जावे. तेथील कुमठे बीटात २०१२ च्या सुमारास विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि सुमारे ४० शाळांतील शिक्षकांनी एक साधा प्रश्न विचारला : मूल नेमके कसे शिकते? मग बाके बाजूला सरली. मुले गोलात जमिनीवर बसली. फरशीवर अक्षरे आणि अंक रंगले. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधता बांधता पहिलीची पोरे दशक-एकक समजू लागली. शिक्षक फळ्यापाशी उभा राहण्याऐवजी मुलांत येऊन बसला. ही चळवळ बक्षिसासाठी सुरू झाली नव्हती. बातमी पसरली, आणि राज्यभरातून हजारो शिक्षक कुमठे पाहावयास आले.

सरकारनेही ते पाहिले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासननिर्णय निघाला. प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताच्या मूलभूत क्रिया आल्याच पाहिजेत; वर्षाच्या आरंभी पायाभूत चाचणी घेऊन कोणते मूल कुठे अडले ते शिक्षकाने शोधावे, हा त्यातला गाभा. २०२१ साली केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने हेच ध्येय तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी देशभर ठेवले.

तोच प्रकार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. दोन्ही गोष्टींत क्रम पाहा : आधी शिक्षकाची कल्पना, मागाहून सरकारची योजना. नवे काही सुचते ते वर्गात; मंत्रालयाचे काम त्याला वाट करून देण्याचे.

बक्षिसांचा हंगाम

आता ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानाकडे येऊ. २०२३ च्या अखेरीस ते जाहीर झाले आणि २०२४ च्या आरंभी त्याची पहिली फेरी झाली. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळा एका गटात, उरलेल्या दुसऱ्या गटात. स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत. आणि राज्यातल्या पहिल्या शाळेला तब्बल ५१ लाख रुपये! शाळांच्या भिंती रंगल्या, परसबागा फुलल्या, माजी विद्यार्थी हातभार लावावयास आले. ज्या शाळेला वर्षानुवर्षे चुना मिळाला नव्हता तिच्या अंगावर रंग चढला, याचे कौतुक केलेच पाहिजे. स्वच्छ, नेटक्या शाळेत जावेसे वाटणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

पण रंगाला गुण देणे सोपे असते. मुलाच्या मनात काय उजळले याला गुण देणे कठीण. तपासणीस आलेल्या मंडळींना तासाभरात परसबाग दिसते. मागच्या वर्षी जोडाक्षर पाहून रडणारी पोर यंदा गोष्टीचे पुस्तक घरी मागून नेते, हे त्यांना कसे दिसावे? शिवाय ज्या गावात वर्गणी देणारे हात पुष्कळ, तिथली शाळा पळण्याआधीच चार पावले पुढे असते. अशा शर्यतीत जिंकणारा कोण हे पुष्कळदा आधीच ठरते.

कामगाराच्या घरचे मूल

पुन्हा हुपरीकडे वळू. समजा, मजुरीवर चांदीकाम करणाऱ्या एखाद्या घरातले मूल तिथल्या विद्या मंदिरात तिसरीत आहे. घर तेच कारखाना. अभ्यासाला कोपरा नाही. चांदीचा भाव चढला किंवा मागणी मंदावली की हाताला काम कमी, आणि काम कमी झाले की वह्यापुस्तकांचा खर्च आधी लांबतो. घरातल्या मोठ्यांना वजनाचा आणि मजुरीचा तोंडी हिशेब चोख येतो. पण ‘बाळा, वाच पाहू’ म्हणावयास संध्याकाळी सवड कोणाला? या मुलाला शाळेखेरीज दुसरा आधार नाही. गुरुजी आणि बाई हेच त्याचे भांडवल.

अशा मुलाच्या शाळेला मोजावयाचे कसे? त्याची तुलना शिकवणी लावणाऱ्या घरच्या मुलाशी केली तर ते हरले म्हणूनच समजा. मापले पाहिजे ते अंतर : जूनमध्ये मूल कुठे होते आणि मार्चमध्ये कुठे पोचले. चांदीच्या गावात राहणाऱ्या गुरुजींना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. ग्रॅम, किलो, घट, मजुरी यांवर त्या घरातली मुले पोसली आहेत. गणिताचे पुस्तक तिथे उंबऱ्याच्या आत पडलेलेच आहे. ते वर्गात आणण्याची मोकळीक शिक्षकाला मिळाली पाहिजे. आज त्याच शिक्षकाचे किती दिवस निवडणुकीच्या याद्यांत, पाहण्यांत आणि मोबाइलवर फोटो चढविण्यात जातात, ते कोणत्याही गुरुजींना विचारून पाहावे!

म्हणून सरकारला सांगावयाचे ते इतकेच. चाचणी घ्या, पण ती वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी घ्या. फौजदाराच्या जबानीसारखी नको. बक्षीस द्या, पण जी शाळा मागून पुढे आली तिला आधी द्या. आणि बक्षिसाच्या रकमेइतकाच शिक्षकाचा वेळ वाचवा.

आपला हात कुठे आहे?

आणि आपण, शहरातली सुशिक्षित कुटुंबे? आपली मुले बहुतेक इंग्रजी शाळांत गेली, आणि सरकारी शाळा ही ‘त्यांची’ शाळा झाली. ज्या शाळेत बोलक्या पालकाचे मूल नाही, तिच्या गळक्या छपराची तक्रार कोणी करीत नाही. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांना व्यवस्थापन समित्या दिल्या. तीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावयाचे, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. कागदावर याहून अधिक अधिकार क्वचितच कोणा पालकाला मिळाला असेल! पण समितीच्या सभेत ‘आमच्या वर्गातली किती मुले वाचतात?’ हा एक प्रश्न विचारला गेला नाही, तर तो अधिकार सहीपुरता उरतो.

ज्यांची मुले अशा शाळेत आहेत त्यांनी हा प्रश्न विचारावा. ज्यांची नाहीत त्यांनी घराजवळच्या पालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून एक तास जाऊन एखाद्या मुलाला गोष्ट वाचून दाखवावी, त्याच्याकडून वाचून घ्यावी. मुख्याध्यापकांची परवानगी काढावी, आणि मग चुकवू नये. त्यासाठी योजना लागत नाही, निधी लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरतील तो पहिला सोमवार सुरुवातीला उत्तम.