लग्नाची जुनी कॅसेट कोरी दिसते? फेकू नका, आधी हे वाचा

गोंदिया : घराची साफसफाई निघाली की आलमारीच्या वरच्या खणातून एक पिशवी हमखास निघते. त्यात लग्नाच्या कॅसेट, एखादी बारशाची, एखादी गावच्या मंडईत झालेल्या नाटकाची. घरी व्हीसीआर नाही, कॅमेरा नाही. मग कोणीतरी म्हणतो, "आता याचं काय करायचं? भंगारात द्या." थांबा. ज्या आजोबांचा आवाज आज कुठेच ऐकू येत नाही, तो त्या कॅसेटमध्ये असू शकतो.

तुमच्याकडे कोणती कॅसेट आहे?

मोठी, पुस्तकाएवढी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ती १९७६ मध्ये आणली. तिची फीत अर्धा इंच रुंद असते. आपल्याकडच्या लग्नांत खांद्यावर ठेवायचा जो मोठा कॅमेरा दिसायचा, तो बहुतेक याच कॅसेटचा.

काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, तळहातात मावणारी कॅसेट म्हणजे मिनी डीव्ही. ही १९९५ मध्ये आली. फीत फक्त पाव इंच रुंद, आणि साधारण एक तासाचं शूटिंग बसतं. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला. त्यानंतरच्या काही वर्षांतलं लग्न असेल तर शूटिंग मिनी डीव्हीवर असण्याची शक्यता बरीच आहे.

दोन्हींत मोठा फरक आहे. व्हीएचएसवर चित्र लहरींच्या रूपात उमटतं. कॉपीची कॉपी काढत गेलो की ते फिकं होत जातं. मिनी डीव्हीवर मात्र चित्र आकड्यांच्या रूपात साठतं, मोबाईलमध्ये साठतं तसंच. फीत चांगली असेल तर वीस वर्षांनीही शूटिंगच्या दिवशी होतं तसंच्या तसं चित्र निघतं.

दिसायला एकच, आत वेगळं

खरा घोळ इथे आहे. २००३ मध्ये एचडीव्ही नावाचा प्रकार आला. त्यात हाय डेफिनिशन चित्र घेता येत होतं, पण कॅसेट तीच, मिनी डीव्हीची. साध्या डीव्हीच्या चित्रात आडव्या ५७६ ओळी असतात, एचडीव्हीत १०८० पर्यंत. म्हणजे चित्र बरंच स्पष्ट.

पण एचडीव्हीवर केलेलं शूटिंग साध्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यात चालत नाही. पडदा निळा किंवा काळा दिसतो. माणसाला वाटतं कॅसेट कोरी आहे. मग ती फेकली जाते, नाहीतर तिच्यावर दुसरं शूटिंग होतं. म्हणून एका कॅमेऱ्यात काही दिसलं नाही, तर एचडीव्ही चालवणाऱ्या कॅमेऱ्यात एकदा बघितल्याशिवाय निकाल लावू नका.

एचडीव्हीची एक नाजूक बाजूही आहे. डीव्हीत प्रत्येक चित्र स्वतंत्र साठतं. फितीवर डाग असेल तर चित्रात क्षणभर चौकोन दिसतात, बस. एचडीव्हीत साधारण १२ चित्रांचा एक गठ्ठा असतो. गठ्ठ्यातलं मुख्य चित्र बिघडलं की जवळपास अर्धा सेकंद चित्र थिजतं. म्हणून एचडीव्ही कॅसेटला जास्त जपावं लागतं.

"आमच्याकडे सीडी आहे ना!"

सीडी म्हणजे मूळ शूटिंग नव्हे. त्या काळी घरोघरी दिलेल्या व्हीसीडीतलं चित्र मूळ डीव्हीच्या साधारण चौथाईच असतं. एक तासाच्या डीव्ही कॅसेटमधला माल सुमारे १३ जीबी होतो, आणि साध्या डीव्हीडीत बसतात ४.७ जीबी. म्हणजे दाबून, कमी करूनच दिलेलं असतं. मूळ हवं असेल तर शूटिंग केलेल्या फोटो स्टुडिओत विचारा. काही जण कॅसेट पुन्हा वापरायचे, तरी विचारायला पैसे लागत नाहीत.

घाई का करायची?

फीत एकवेळ टिकेल, पण ती चालवणारं यंत्र राहणार नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. मिनी डीव्हीचे नवे कॅमेरेही आता येत नाहीत. जे आहेत त्यांचे हेड घासत चालले आहेत. त्यात आपल्याकडचा पावसाळा. ओलाव्याने फितीवर बुरशी धरते.

काय करावं, काय करू नये

१. कॅसेटच्या खिडकीतून फितीची कड बघा. पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती चालवू नका. बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

२. मिनी डीव्हीच्या मागच्या बाजूला छोटी पट्टी असते. ती 'सेव्ह'कडे सरकवा. व्हीएचएसची मागची छोटी पट्टी तोडून टाका. मग चुकूनही वरून शूटिंग होणार नाही.

३. कॅसेट आडव्या न ठेवता उभ्या ठेवा. टिनाच्या छताखाली, चुलीजवळ किंवा स्पीकरच्या बाजूला नको.

४. कॉपी काढणाऱ्याला विचारा, "फायरवायरने काढता का?" मिनी डीव्ही आणि एचडीव्हीसाठी हीच वायर हवी. तिच्यातून फाईल जशीच्या तशी येते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने काढलं तर दर्जा घटतो. व्हीएचएसला मात्र तशाच वायरी लागतात.

५. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच. "दहा मिनिटांत करून देतो" म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

६. "जुन्या कॅसेटचं फोर के करून देतो" याला भुलू नका. ५७६ ओळींत जे टिपलंच गेलं नाही, ते नंतर कुठून येणार? आधी मूळ फाईल मागा.

७. फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क घरी आणि एक नातेवाइकांकडे. फक्त पेन ड्राइव्हवर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर टाकलेला व्हिडिओ दाबला जातो, ती जपणूक नव्हे.

८. कॉपी झाली तरी मूळ कॅसेट फेकू नका.

ही गोष्ट फक्त लग्नापुरती नाही. मंडईच्या रात्री रंगलेली झाडीपट्टीची नाटकं, गावातली दंडार, यातलं बरंच काही अशाच कॅसेटवर कोणाकोणाच्या घरी पडून आहे. त्यातले काही कलाकार आज हयात नाहीत. गावात कोणाकडे अशी कॅसेट असेल तर आधी ती ओळखा, नाव आणि साल लिहून ठेवा, आणि यंत्र मिळतंय तोवर कॉपी काढून घ्या.