दम न धरणारा संगणक

२०२३ सालीं श्रावण अधिक आला होता. त्या अधिकांतल्याच एका सकाळीं आमच्या थोरल्या वहिनी माजघरांतून बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, संगणक दम धरीत नाहीं. लावला कीं आपला बंद पडतो."

त्यांच्या स्वरांतील काळजी आम्हांस तत्काळ उमगली. आमच्या मातोश्रींना जात्यावरच्या शेंकडों ओव्या पाठ होत्या. मातोश्रींनीं सांगाव्या आणि वहिनींनीं संगणकावर उतरून घ्याव्या, असा दुपारचा क्रम दोन वर्षें चालला होता. पुढें मातोश्रींचें स्मरण ओसरलें. एक ओवी म्हणावयास घेऊन त्या भलतीच्याच ओवींत शिरूं लागल्या. अर्थात् पुन्हां विचारण्याची सोय उरली नव्हती, आणि लिहिलेल्या ओव्यांची दुसरी प्रत घरांत कोठेंही नव्हती. ती करून ठेवण्याचें आम्हीं वहिनींस कधीं सुचविलें नाहीं, हा दोष सर्वस्वीं आमचा.

संगणक २०१२ सालीं घेतलेला. बटण दाबतां पंखे फिरत, दिवा लागे, पडद्यावर अक्षरें उमटत न उमटत तोंच सारें शांत. बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यास बोलावलें, तर त्यानें झांकण न उघडतांच निदान सांगितलें: "मदरबोर्ड गेला. नवा घ्या. आंतल्या मजकुराची हमी नाहीं." त्या दिवशीं पंगतीस वहिनी फारसें बोलल्या नाहींत.

रात्रीं पुतण्या महाविद्यालयांतून आला. तो म्हणाला, "काका, ओव्या मदरबोर्डांत नसतात. त्या हार्ड डिस्कवर असतात, आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वाचतां येते. आतां फक्त पुनःपुन्हां बटण दाबूं नका. डिस्कवर लिहिणें चालूं असतां वीज तुटली, तर तिचेंच नुकसान व्हायचें." आम्ही तर सकाळपासून दहा वेळां तरी बटण दाबलें होतें! प्लग काढून त्यानें डिस्क सोडविली आणि वहिनींनीं ती देवघराशेजारच्या कोरड्या कपाटांत ठेवली. जोडणीची तार मागविली. ती यावयास चार दिवस लागणार होते. तोंवर यंत्राचीच परीक्षा पाहूं, असें ठरलें. डिस्कवांचूनही संगणक लागतो, हें आम्हांस तेव्हां प्रथमच कळलें.

वैद्य जशी नाडी पाहतो, तसा येथें घड्याळाचा काटा पाहावा. यंत्र किती वेळ तगलें, यावरून दुखणें कोठें आहे याचा पुष्कळसा उलगडा होतो. पापणी लवते न लवते तोंच बंद पडलें, तर संशय विजेच्या मार्गाचा घ्यावा. पॉवर सप्लाय, ज्यास बाजारांत एसएमपीएस म्हणतात, तो घरची २३० व्होल्टची वीज बारा, पांच आणि सव्वातीनहून किंचित् अधिक अशा व्होल्टांत वांटून देतो. कोठें तारेला तार भिडली कीं स्वतः होऊन हात आंखडता घेतो. मदरबोर्डाखालीं एखादा सुटा स्क्रू अडकला, तरी एवढें पुरतें. मदरबोर्डावरील छोट्या नळकांड्यांचे, म्हणजे कपॅसिटरांचे, माथे पुरीसारखे फुगले आहेत काय, तेंही पाहावें. १९९९ ते २००७ या काळांतील असंख्य मदरबोर्ड त्या एकाच दोषानें निकामी झाले. मात्र एसएमपीएसची पेटी घरीं कोणीही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्या पोटांत तीनशें व्होल्टांच्या वर भार कांहीं काळ राहूं शकतो.

बरोबर चार सेकंदांनीं बंद पडलें, तर चालूं करण्याचें बटणच आंत रुतून बसलें असेल. तें चार सेकंद दाबून धरलें असतां यंत्र बंद व्हावें, अशी मुळांतच योजना आहे. अकरा वर्षांच्या धुळीनें बटण चिकटणें कांहीं नवल नव्हे.

आमच्या यंत्राची नाडी निराळी निघाली. रात्रभर विसांवा मिळाल्यावर सकाळीं तें सुमारें दोन मिनिटें तगलें. लगेच लावलें तर वीस सेकंद. तिसऱ्यांदा जेमतेम सात. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, हा ताप आहे." दुपारीं यंत्र निवल्यावर लावतांक्षणींच डिलीटची कळ दाबून त्यानें बायोसचा पडदा उघडला. तेथें प्रोसेसरची उष्णता दिसते. आंकडा आमच्या देखत ६८, ७९, ९१ असा चढला आणि अंधार झाला.

म्हणजे यंत्र बिघडून बंद पडत नव्हतें, तर जळूं नये म्हणून स्वतःस मिटून घेत होतें. ही व्यवस्था पूर्वीं सर्वत्र नव्हती. २००१ सालीं एका संगणकविषयक प्रकाशनानें चालत्या प्रोसेसरांवरील हीटसिंक काढून पाहिले, तेव्हां अथ्लॉन क्षणांत धूर सोडून जळाले; पेंटियम ४ मात्र मंदावून वांचला.

झांकण काढलें. हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी धूळ, आणि तिचा एक कोपरा उचललेला! तो चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यांतील एक निसटली होती. खालचें थर्मल पेस्ट सहाणेवर वाळलेल्या गंधासारखें भेगाळलें होतें. पुतण्यानें तें आयसोप्रोपाइल अल्कोहोलनें पुसलें, तुरीच्या दाण्याएवढें नवें पेस्ट मधोमध ठेविलें, आणि खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीनें दाबल्या. खुंटी पुरती बसली म्हणजे टक् असा आवाज होतो. तो चार वेळां ऐकूं आला पाहिजे.

मोठ्या उत्साहानें बटण दाबलें, आणि संगणक एका सेकंदांत बंद! वहिनींचा चेहरा पाहवेना. पुतण्या मात्र क्षणभर घड्याळाकडे पाहत राहिला. "सात नाहीं, एक," तो पुटपुटला, आणि विजेरी घेऊन आंत वाकला. सफाईच्या वेळीं प्रोसेसरला वीज पुरविणारा चार छिद्रांचा प्लग आम्हींच काढून ठेविला होता, तो पुन्हां लावण्याचें राहून गेलें होतें. प्लग बसविल्यावर आंकडा ४३ वर येऊन थांबला. अर्धा तास आम्ही तिघेंही पडद्यावरील त्या एका आंकड्याकडे पाहत बसलों; वहिनींनीं मध्येंच चहा केला, तो तेथेंच घेतला.

खर्च केवळ पेस्टच्या नळीचा. मागविलेली तार दोन दिवसांनीं आली, तोंवर डिस्क आपल्या जागीं बसली होती. वहिनींनीं ओव्यांची फाईल उघडली, ती पूर्ण होती. त्याच संध्याकाळीं तिच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या आणि एक कागदावर छापली. ते कागद घेऊन वहिनी मातोश्रींजवळ बसल्या व वाचूं लागल्या. तिसऱ्या पानावर मातोश्रींनीं हात वर केला. एका ओवींतला शब्द चुकीचा उतरला आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि तें बरोबर होतें.