एफवायचा अभ्यास एकट्याने होत नाही

बारावीचा निकाल लागला, प्रवेश झाला, फी भरली, की घरच्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. पुढे मग दिवाळीच्या सुट्टीला आलेलं मूल परत जाताना कुरकुरतं, पहिल्या सेमिस्टरला दोन-तीन विषय राहतात आणि घरात कारणांचा शोध सुरू होतो. बारावीपर्यंत हुशार होता, शहराची हवा लागली. इंग्रजी कच्चं आहे. मोबाईल तर आहेच. ही कारणं अगदीच खोटी नसतात. पण पदवीच्या पहिल्या वर्षी मुलं अडखळतात त्याला याहून साधं आणि सहसा कुणाच्या लक्षात न येणारं एक कारण आहे: त्यांच्या दिवसाला कुणाची सोबत नसते. अभ्यास झेपत नाही असं जे वरून दिसतं, ते पुष्कळदा एकट्याने झेपत नाही असं असतं.

बारावीच्या दोन वर्षांत आपण मुलांना काय सवय लावतो ते आधी पाहू. विज्ञान शाखेच्या मुलाचा दिवस क्लासवाले आखतात. किती वाजता चाचणी, कोणत्या धड्यावर, गैरहजर राहिला तर घरी फोन. कॉलेज बऱ्याच ठिकाणी नावापुरतं असतं. हाच मुलगा जूनपर्यंत विचारून विचारून चालतो आणि पावसाळ्यात एफवायच्या वर्गात येऊन बसतो, तेव्हा विचारणारं कुणीच उरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट असतात. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला 30. हिशेब केला तर आठवड्याच्या 168 तासांतले वर्गातले तास पंचवीस-तीसच्या पुढे जात नाहीत. झोप, जेवण, प्रवास वगळूनही भलामोठा वेळ शिल्लक राहतो आणि त्याचं काय करायचं हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. मेजर, मायनर, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली अशी विषयांची वर्गवारी कळेपर्यंतच अंतर्गत परीक्षा येऊन ठेपते. प्रवेशफेऱ्या लांबल्या की उशिरा आलेल्या मुलांना तेवढाही अवधी मिळत नाही. ती येतात तेव्हा बाकांवरचे गट ठरून गेलेले असतात.

हा रिकामा वेळ कुठे जातो? जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने अप-डाऊन करणाऱ्या मुलीचं कॉलेज गाडीच्या वेळेवर चालतं. पहिली गाडी चुकली तर पहिला तास गेला. शेवटची चुकू नये म्हणून प्रात्यक्षिक संपता संपता ती दप्तर आवरते. मधे दोन तास मोकळे असतील तर बसायचं कुठे? लायब्ररीच्या वाचनकक्षात बोलायला बंदी, कँटीनमध्ये काही घेतल्याशिवाय टेबल अडवता येत नाही, वर्गाला कुलूप. ती बसस्थानकावर जाऊन बसते. पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची गोष्ट वेगळी, पण फार वेगळी नव्हे. तो पेठेतल्या एखाद्या खोलीत कॉट बेसिसवर राहतो. बाकीच्या कॉटवर स्पर्धा परीक्षावाला, नोकरीवाला, दुसऱ्याच कॉलेजचा कुणीतरी. चौघांच्या वेळा चार. मेसला तो एकटाच जातो, मोबाईलकडे बघत जेवतो. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. नव्या मुलांना सर्वांत जड जाते ती हीच रविवारची रात्र. घरचा फोन झालेला असतो, वडापाव खाऊन झालेला असतो आणि उद्याच्या जर्नलमध्ये काय लिहायचं हे विचारायला ओळखीचं कुणी नसतं.

एकटेपणाचा आणि मार्कांचा इतका थेट संबंध असतो का, असं कुणी विचारील. असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत 1970च्या दशकात युरी ट्राइसमन या गणिताच्या तरुण अध्यापकाला एक गोष्ट सतावत होती. पहिल्या वर्षाच्या कॅलक्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम मार्क मिळवत. सहकाऱ्यांना कारणं पाठ होती: पाया कच्चा, जिद्द कमी, घरची गरिबी, पालकांचं लक्ष नाही. ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडून ते अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिलं आणि यातलं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, पालकांचा पाठिंबा होता; पण ती एकटी अभ्यास करत. शाळेत असतानाही त्यांनी एकट्यानेच वाट काढली होती आणि त्या सवयीचा त्यांना अभिमान होता. चिनी मुलं आधी आपापला अभ्यास उरकत, मग संध्याकाळी एकत्र जमत, एकमेकांची गणितं तपासत, चुका काढत, जुने पेपर सोडवत. त्यांचे आठवड्याचे तासही जास्त भरत, हे खरं. पण ते तास जास्त भरण्याचं कारणच मुळी सोबत हे होतं. शिवाय आपण कुठे कमी पडतो हे परीक्षेच्या आधी कळायचं. एकट्या मुलाला ते निकाल लागल्यावर कळतं.

ट्राइसमन यांनी यावर जो उपाय केला तो आपल्याकडच्या प्राचार्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. त्यांनी कच्च्या मुलांचे जादा तास घेतले नाहीत. जादा तासाला बसणं म्हणजे आपण ढ आहोत हे जाहीर करणं, आणि कुठलाही स्वाभिमानी मुलगा ते टाळणार. त्यांनी उलट अवघड गणितं दिली, ती गटात बसून सोडवायला लावली आणि हा वर्ग मानाचा आहे असं सांगितलं. या वर्गांतल्या मुलांचे निकाल सुधारले, पुढे इतर विद्यापीठांनीही हा प्रयोग उचलला. मराठी माध्यमातून येऊन एफवायला एकदम इंग्रजी व्याख्यानं ऐकणाऱ्या आपल्या मुलांना तर याचा दुहेरी फायदा होईल. वर्गात हात वर करून मोडक्या इंग्रजीत शंका विचारायची त्यांना लाज वाटते. चौघांत बसून मराठीत तीच शंका ती सहज विचारतात.

आता नेहमीचा आक्षेप. ‘आमच्या वेळी कोण होतं? आम्ही शिकलोच ना?’ हे म्हणणाऱ्यांच्या वेळी खरोखर कुणीच नव्हतं का, हे तपासून पाहण्यासारखं आहे. जुन्या पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत; त्यात मिंधेपणा होता, पण आठवड्यातून सात घरांना त्या मुलाचं नाव माहीत असे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या जाती अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या मुलाला आधी शहरात टिकवलं पाहिजे, मग तो शिकेल, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाभोवतीही वसतिगृहं उभी राहिली. महाराष्ट्रातल्या बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास हा अर्धाअधिक बोर्डिंगांचा इतिहास आहे. आणि ज्यांना हे काही मिळालं नाही, जे पहिल्या वर्षीच बाडबिस्तरा गुंडाळून गावी परतले, ते ‘आम्ही शिकलोच ना’ असं सांगायला येत नाहीत.

आज सरकारचा कल पैसे देण्याकडे आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना आली; मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तेव्हा वर्षाला 60,000 रुपये ठरले, त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि किरकोळ खर्चाचे 8,000. योजना गरजेचीच आहे. तरी वसतिगृहाची जागा पैसा भरून काढत नाही. त्या 20,000 रुपयांत कुठेतरी एक कॉट मिळते, शेजारच्या खोलीतला सीनियर मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अठरा वर्षांच्या मुलाला अजून किती बोट धरून चालवायचं? एकटं पडण्यातूनच माणूस घडतो. मुलांना हाताला धरून चालवावं असं इथे म्हणायचं नाहीच. बारावीच्या क्लासने तेच तर केलं आणि त्याचे परिणाम समोर आहेत. प्रश्न जागेचा आणि संधीचा आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आपण इथले नाही असं सगळ्यांनाच वाटतं, हळूहळू ते जातं. तासाभराच्या या प्रयोगाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारलेले दिसले. मात्र 22 संस्थांतल्या सुमारे 27,000 विद्यार्थ्यांवर केलेल्या तशाच प्रयोगाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कळीचा मुद्दा पुढे आला. जिथे त्या मुलांना आपलंसं वाटण्याची खरी संधी होती तिथेच धीराचे शब्द लागू पडले. थोडक्यात, ‘घाबरू नका, सगळं नीट होईल’ हे भाषण बसायला जागा नसलेल्या कॉलेजात वाया जातं.

आपल्याकडे भाषणांची सोय आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाचा कार्यक्रम आखून दिला, अभियांत्रिकीला तर तीन आठवड्यांचं इंडक्शन आहे. प्रत्यक्षात अनेक कॉलेजांत हे दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं मनोगत आणि अँटी-रॅगिंगच्या हमीपत्रावर सही इतक्यात आटोपतं. नॅकसाठी मेंटॉर आणि मेंटी यांची यादीही फायलीत असते. एफवायच्या मुलाला आपला मेंटॉर कोण हे ठाऊक नसतं. प्राध्यापक तरी काय करणार? पदं रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेला माणूस तास संपला की दुसऱ्या कॉलेजला पळतो. ही अडचण खरी आहे. पण चार-पाच मुलांचे गट पहिल्याच आठवड्यात पाडून देणं, प्रात्यक्षिकाचे जोडीदार गावं आणि माध्यमं मिसळून ठरवणं, दुपारी दोन वर्ग उघडे ठेवणं, एसवायच्या मुलांना आठवड्यातून एक तास एफवायबरोबर गणितं सोडवायला बसवणं, याला नवी पदं लागत नाहीत. एक शिपाई आणि एक किल्ली लागते.

पालकांनीही पुढच्या वेळी प्रवेशाला जाताना प्लेसमेंटचे आकडे जरूर विचारावेत, पण त्याआधी खिडकीवरच्या क्लार्कला एक साधा प्रश्न विचारावा: तास नसतील तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांनी एकत्र बसून बोलत अभ्यास करायचा तो कुठे? आणि ती जागा आपल्या डोळ्यांनी पाहून मगच फी भरावी.