पेठेतला स्ट्रायकर आणि मधल्या पायऱ्या
कोल्हापूरचा फुटबॉल : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण गोलरक्षकाचा विचार केला. या वेळी त्याच्या समोर उभा राहणारा, म्हणजे स्ट्रायकर.

पेठ वडगावसारख्या गावातल्या पोराच्या पायात गोल आहे हे एकदा दिसलं, की त्याची पुढची वाट ठरते : कोल्हापूर. तिथं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमध्ये वरिष्ठ गटाचे १६ संघ. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी अशी नावं शाहू स्टेडियममध्ये हजारो माणसं खेचतात. हंगामापूर्वी खेळाडू नोंदणी होते आणि त्या वेळी गोल मारणाऱ्याला सगळ्यात जास्त मागणी असते. यंदा या तालमीकडून, पुढच्या वर्षी त्या मंडळाकडून. लीग संपली की चषकांच्या स्पर्धा सुरू. अशी दहा-बारा वर्षं जातात आणि गुडघे बोलायला लागतात.

हुन्नर असूनही तो इथंच का फिरत राहतो? याचं उत्तर स्ट्रायकरच्या कामातच आहे. सामन्यात बहुतेक वेळ त्याच्याकडे चेंडू नसतो. विंगवरून क्रॉस येणार असं दिसलं, की तो दोन पावलं लांबच्या पोस्टकडे टाकतो. स्टॉपर त्याच्यामागे वळला, की झटकन उलटा फिरून जवळच्या पोस्टसमोर घुसतो. पाय वेळेवर लागला तर गोल. क्षणभर उशीर झाला तर चेंडू स्टॉपरचा. एकाच शहरातल्या लीगमध्ये ही चाल दोन हंगामांत सगळ्या बचावपटूंना पाठ होते. मग नवं काही शिकायचं तर अधिक चपळ, अधिक शिस्तीचा बचाव समोर लागतो. तो वरच्या पायरीवर भेटतो.

त्या पायऱ्या पुण्यात होत्या. पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता. भारत एफसी आला, डीएसके शिवाजीयन्स आला, इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी पुणे सिटी उतरला. २०१५ ते २०१९ या काळात हे चारही संघ राष्ट्रीय पटलावरून गेले. आयएसएलमधली पुणे सिटीची जागा २०१९मध्ये हैदराबाद एफसीनं घेतली.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची वाटचाल या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. पुण्यातल्या अकादमीत घडलेला हा आघाडीवीर २०१७मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्याच वर्षी त्याच्या इंडियन ॲरोज संघानं आय-लीगच्या सलामीला चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यात दोन गोल त्याचे. पुढे जमशेदपूर, मग हैदराबाद. मार्च २०२२मध्ये हैदराबादनं केरळ ब्लास्टर्सला टायब्रेकरवर हरवून आयएसएल जिंकली, तेव्हा अनिकेत त्या संघात होता. ज्या संघानं पुण्याची जागा घेतली, त्याच्याकडून कोल्हापूरच्या पोरानं विजेतेपद मिळवलं. त्याच्यात गुण होतेच; पण ते लहान वयात हेरणारी पुण्यातली व्यवस्था तेव्हा जिवंत होती, हेही तितकंच खरं.

२०२३मध्ये आयएसएलखाली आय-लीग, त्याखाली आय-लीग २ आणि नव्यानं आलेली आय-लीग ३ अशा पायऱ्या झाल्या. पंजाब एफसी २०२३मध्ये आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये पोचला, म्हणजे वर जायचं दार मैदानावरच्या कामगिरीनं उघडू शकतं. कोल्हापूरकडे प्रेक्षक आहेत, ईर्ष्या आहे, पिढ्यान् पिढ्यांचं वेड आहे. या बळावर एक संघ राष्ट्रीय लीगच्या तळाच्या पायरीवर टिकवून धरला, तर वडगावच्या पोराला विशीतच नवा बचाव भेटेल. अनिकेतसारखा एखादाच हाती लागण्यावर समाधान मानू नये. पेठांची ईर्ष्या पेठांत राहू दे; त्यातला उत्तम स्ट्रायकर मात्र दरवर्षी जिल्ह्याबाहेर खेळला पाहिजे.

(पुढील आठवड्यात : पंच आणि शिट्टीचा अधिकार)