इंग्रजी शब्दांतील आपले आप्त

आमच्या निपाणीवरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड आम्ही नित्य पाहतो. परंतु ‘किलो’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘हजार’ या अर्थाच्या शब्दापासून आला, हे सहसा आमच्या ध्यानी येत नाही. जुना ‘मैल’ही हजाराचाच, रोमन लोकांच्या हजार दुहेरी पावलांचे ते अंतर होय.

इंग्रजी शब्द घोकताना आम्ही उगाच भितो. ‘ट्रायँगल’मधील ‘ट्राय’ व आपला ‘त्रि’, ‘पेंटॅगॉन’मधील ‘पेंटा’ व ‘पंच’, ‘ऑक्टोपस’मधील ‘ऑक्टो’ व ‘अष्ट’, ‘डेसिमल’मधील ‘डेसि’ व ‘दश’ ही एकाच कुळातील भावंडे आहेत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास प्रतिपादन केले होते. कन्नडचे कूळ निराळे. तिच्यात तीनाला ‘मूरु’ म्हणतात. तरीही ‘त्रिकोन’ हा शब्द तिनेही संस्कृतातून आपलासा केला आहे.

सप्टेंबर नववा महिना असून त्याच्या नावात ‘सप्त’ का? कारण प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई.

मात्र केवळ साम्यावर विसंबू नये. बाजारातील ‘क्विंटल’मध्ये लॅटिनचा पाच दडला आहे, असे वाटते; वस्तुतः तो शब्द लॅटिनमधील शंभराच्या शब्दापासून निघून अरबीमार्गे युरोपात परतला. म्हणूनच क्विंटल म्हणजे शंभर किलो!

तेव्हा मित्रहो, तर्क अवश्य करावा. पण कोश उघडून तो पारखून घ्यावा. अर्थ उमगला, की पाठांतराचे ओझे आपोआप हलके होते.