हातभर झाली, की हातची गेली

ऑगस्टमध्ये गाडीच्या काचा बंद करायला विसरू नये, असा अमेरिकेतल्या छोट्या गावांमधला जुना विनोद आहे. काच उघडी राहिली, तर परत येईपर्यंत कुणीतरी मागच्या सीटवर झुकिनी ठेवून गेलेलं असतं! शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा तिथे एक 'दिवस'सुद्धा आहे, ८ ऑगस्ट. पेनसिल्व्हेनियातल्या टॉम रॉय यांची ही कल्पना.

थट्टा असली, तरी ज्यांनी परसात ही भाजी लावली आहे त्यांना ती खरी वाटते. चौघांच्या घराला दोन झाडं पुरतात. हौसेने सहा लावणाऱ्यांवर मग ओटे शोधायची पाळी येते.

झुकिनी म्हणजे कोवळेपणी खायचा भोपळा. तिचं मूळ कूळ अमेरिका खंडातलं, पण आजचं लांबट रूप घडलं उत्तर इटलीत. १९२०च्या दशकात इटालियन स्थलांतरितांबरोबर ती पुन्हा अमेरिकेत आली. इटालियनमध्ये 'झुक्का' म्हणजे भोपळा आणि झुकिनी म्हणजे त्याचं लाडकं, छोटं रूप. बागेत नेमकं हे 'छोटं'च विसरलं जातं.

मादीफूल उमलल्यापासून चार ते आठ दिवसांत फळ तोडायला येतं. वीतभर लांबी आणि नख सहज रुतेल अशी साल, ही तोडणीची खूण. शनिवार-रविवार गावाला जाऊन आलं, की कुसळी पानांखाली हातभर सोटा लपलेला सापडतो. त्यातल्या बिया जून झालेल्या असतात आणि गर भुसभुशीत. शिवाय झाडाची सगळी ताकद त्या बियांकडे वळते आणि नवी फळं धरायची मंदावतात. म्हणून सोटा खायचा नसला, तरी तोडायचाच. तोडताना पिरगळू नये, बोटाच्या पेराएवढं देठ ठेवून सुरीने कापावं.

बारीक दांड्यावरची, खाली फळ नसलेली फुलं नर. त्यातली थोडी मधमाश्यांसाठी ठेवून बाकीची सकाळीच खुडली, तर भोपळ्याच्या फुलांसारखी भजी होतात. रोममध्ये याच फुलांत चीज आणि खारवलेला मासा भरून तळतात.

साठवणीत मात्र ही भाजी नाजूक. लाल भोपळा माळ्यावर महिनोन्‌महिने राहतो, कारण त्याची साल टणक झालेली असते. झुकिनीला तेवढं चिलखत नाही. न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात चार-पाच दिवस ती चांगली राहते. पाच अंशांखालच्या थंडीत सालीवर खड्डे पडतात. जास्तच आली, तर किसून, पाणी पिळून फ्रीझरमध्ये ठेवावी. दक्षिण इटलीतल्या पुल्यात चकत्या उन्हात सुकवून तळतात आणि व्हिनेगर-पुदिन्यात मुरवतात. वाळवणं घालणाऱ्या घरांना हे सांगायलाच नको.

रांधताना खरा सामना पाण्याशी. झुकिनीत ९४-९५ टक्के पाणी असतं. मीठ आधी घातलं आणि वर झाकण ठेवलं, की भाजीचा रस्सा होतो. पसरट कढईत, मोठ्या आचेवर, मीठ शेवटी हाच उपाय. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये दोडका मिळत नाही तेव्हा मुगाची डाळ घालून हिची भाजी होते, घोसाळ्याऐवजी हिची भजी तळली जातात. सालीला शिरा नसल्यामुळे शिरांच्या चटणीवर मात्र पाणी सोडावं लागतं. थालीपीठ हा तिचा सर्वांत चांगला उपयोग. तुर्की लोक वड्यांसाठी कीस घट्ट पिळून पाणी काढतात. इथे त्याच पाण्यात भाजणी भिजते, वेगळं पाणी लागतच नाही.

एक खबरदारी दुधीसारखीच. चिरण्याआधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघावा. या कुळातलं कडू द्रव्य विषारी असतं आणि शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही चाखून पाहण्याचाच सल्ला दिला होता. घरच्या बियाण्यात हा धोका अधिक, कारण जवळच्या शोभेच्या भोपळ्याचा पराग लागला असेल, तर त्या बियांच्या पुढच्या पिकाची फळं कडू निघू शकतात. तुकडा कडू लागला, तर थुंकून टाका आणि त्या झाडाचं एकही फळ स्वयंपाकघरात आणू नका.