सर्व्हर एक, नावं अनेक

‘एका सर्व्हरवर एकच सर्टिफिकेट चालतं. दुसऱ्या वेबसाइटला सुरक्षित करायचं तर वेगळा आयपी अ‍ॅड्रेस विकत घ्या.’ पतसंस्थांना, शाळांना वेबसाइट करून देणारे आजही हे छातीठोकपणे सांगतात आणि संस्था मुकाट्याने बिल भरतात. हा सल्ला केव्हाच कालबाह्य झाला आहे.

एके काळी अडचण खरी होती. ब्राउझर आधी सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायचा आणि कोणती वेबसाइट हवी ते नंतर सांगायचा. साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट मात्र जोडणीच्या वेळीच दाखवावं लागे. ते कोणत्या साइटचं दाखवायचं, हे ठरवायला सर्व्हरकडे आयपीखेरीज काहीच नसे. जून २००३ च्या आरएफसी ३५४६ या मानकात यावर ‘एसएनआय’ हा उपाय आला. ब्राउझर पहिल्याच निरोपात साइटचं नाव सांगतो, सर्व्हर त्या नावाचं सर्टिफिकेट पुढे करतो. अपाची या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००९ मध्ये आली, मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसमध्ये विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय कळत नसे, म्हणून वेगळ्या आयपीचा आग्रह काही वर्षं टिकला. पण एक्सपीला मिळणारे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. त्यानंतरही तोच आग्रह धरणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर पैसे कमावणं.

मुळात सर्टिफिकेट यंत्राचं नसतं, नावाचं असतं. धाराशिवकरांना हे पटायला हरकत नाही. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबादचं नाव धाराशिव करायला मंजुरी दिली. जिल्हा प्रशासनाची वेबसाइट पूर्वी ‘उस्मानाबाद डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावर होती, आता ती ‘धाराशिव डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ वर आहे. यंत्र तेच असो वा नवं, एका नावाचं सर्टिफिकेट दुसऱ्या नावाला चालत नाही.

‘जुना पत्ता नव्याकडे वळवला की झालं’ हाही गैरसमजच. वळवण्याची सूचना पोचते सुरक्षित जोडणी झाल्यावर. जुन्या नावाचं सर्टिफिकेट संपलेलं असेल, तर जुनी लिंक उघडणाऱ्याला आधी धोक्याचा इशारा दिसतो. म्हणून नामांतरानंतर डोमेन बदलणाऱ्या कॉलेजाने किंवा बँकेने जुनं डोमेन आणि त्याचं सर्टिफिकेट, दोन्ही चालू ठेवायला हवीत. डोमेन सोडून दिलं तर ते कुणीही घेऊ शकतो आणि त्याच नावाचं अस्सल सर्टिफिकेटही मिळवू शकतो. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह मालकाच्या सचोटीची हमी देत नाही.

डोमेनखालच्या उपनावांसाठीचं ‘वाइल्डकार्ड’ सर्टिफिकेट घेतलं की सगळं झाकलं जातं? नाही, ते एकच पायरी झाकतं. महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इनचं वाइल्डकार्ड धाराशिवच्या पत्त्याला पुरेल. त्याच्याही पुढे आणखी एक नाव जोडलं तर पुरणार नाही.

फुकटचं सर्टिफिकेट कच्चं? डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुल्या झालेल्या लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेच्या सर्टिफिकेटने होणारं एन्क्रिप्शन विकतच्याइतकंच भक्कम असतं.

सगळ्या साइट एकाच सर्टिफिकेटात कोंबणं सोयीचं? तशी मुभा आहे, पण त्यातल्या एका डोमेनची पडताळणी फसली की सगळ्यांचं नूतनीकरण अडू शकतं. शिवाय कोणत्याही एका साइटवर आलेल्या माणसाला बाकीच्यांची नावं त्यात वाचता येतात. परस्परांशी संबंध नसलेल्या संस्थांची सर्टिफिकेटं वेगळीच बरी.

मुदत संपताना ईमेल येईल, या भरवशावर तर कुणी राहूच नये. लेट्स एन्क्रिप्टने ते ईमेल जून २०२५ मध्ये बंद केले.

सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस. म्हणजे दहा साइटची वर्षाला ऐंशीच्या आसपास नूतनीकरणं. डायरीत तारखा लिहून हे निभणार नाही. आपोआप नूतनीकरण करणाऱ्या सर्टबॉटसारख्या साधनाकडेच ते सोपवावं लागेल. त्यातही सर्व्हर रीलोड करण्याची आज्ञा जोडलेली आहे ना, हे तपासून घ्यावं. नाहीतर नवं सर्टिफिकेट डिस्कवर पडून राहतं आणि सर्व्हर जुनंच दाखवत राहतो.